पत्रकार गेटवर आलेत, आता काय?

मला कामाचे जे फोन येतात त्यातले बरेचसे एकाच वाक्याने सुरू होतात, "सर, जरा मीडिया मॅनेज करायचाय." कधी कारखान्यातून, कधी हॉस्पिटलच्या ट्रस्टींचा, कधी शाळेच्या संस्थाचालकांचा, कधी पतसंस्थेच्या चेअरमनचा, आणि आवाजावरूनच कळतं की बाहेर कॅमेरे येऊन उभे आहेत किंवा येणार आहेत. मी आधी बरीच वर्षं एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत बातमीदारी केली, आता संस्थांना अशा वेळी कुणाशी काय आणि कसं बोलायचं ते सांगायचं काम करतो, त्यामुळे गेटच्या दोन्ही बाजूंनी हा प्रकार जवळून बघितलाय. माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, की तुमच्या स्वतःच्या माणसांना काय सांगितलंय? वॉचमनला, रिसेप्शनवरच्या मुलीला, शिफ्ट सुटून बाहेर पडणाऱ्या कामगारांना, ज्यांचं माणूस आत अडकलंय त्या नातेवाइकांना? बहुतेक वेळा उत्तर येतं, "त्यांना कशाला, ते कुठे बोलणारेत?"

अहो, तेच बोलणार असतात.

समजा एमआयडीसीत एखाद्या कंपनीत स्फोट झाला. चॅनेलचा स्ट्रिंगर, म्हणजे बातमीमागे पैसे घेणारा स्थानिक बातमीदार, तुमच्या जनरल मॅनेजरच्या आधी पोचतो, कारण त्याला ॲम्ब्युलन्सवाल्याचा नाहीतर पोलीस स्टेशनमधल्या कुणाचा तरी फोन गेलेला असतो. डेस्कवरून त्याच्यामागे एकच धोशा, बाईट (कुणाचं तरी कॅमेऱ्यासमोरचं बोलणं) पाठव, व्हिज्युअल पाठव, फोनोला, म्हणजे फोनवरून थेट बोलायला, तयार राहा. गेट बंद, साहेब फोन उचलत नाहीत, पीआरओ नावाचं कुणी आहे की नाही तेही माहीत नाही. मग तो चहाच्या टपरीवर जातो, तिथे कॅन्टीनचा पोऱ्या असतो, तो म्हणतो "चार गेले म्हणतात". पाच मिनिटांत खाली पट्टी सुरू, "स्फोटात ४ ठार?" प्रश्नचिन्हासकट. यात मुद्दाम खोटं कुणीच बोललं नाही, पोऱ्याने ऐकलेलं सांगितलं, स्ट्रिंगरने मिळालं ते पाठवलं, डेस्कने प्रश्नचिन्ह टाकलं, आणि तिकडे गावाकडे कुणाच्या तरी आईने ते टीव्हीवर वाचलं. या सगळ्यात फक्त एक माणूस गप्प होता, तो म्हणजे ज्याला खरं माहीत होतं तो. मी बातमीदार असताना असल्या बंद गेटसमोर तासन्‌तास उभा राहिलोय आणि आत बसलेल्यांना वाटतं की आपण बोललो नाही म्हणजे बातमी थांबली, पण बातमीची जागा पानावर सोडलेली असते, ती कशाने तरी भरणारच.

पहिल्या तासात फार काही लागत नाही, तीन गोष्टी लागतात. काय झालं, आत्ता आपण काय करतोय, आणि पुढची माहिती किती वाजता देणार. एवढंच, पण ते आधी आत सांगायचं, मग बाहेर, आणि दोन्हीकडे तंतोतंत तेच. आणि सहा वाजता सांगतो म्हटलं की सहाला बाहेर यायचंच, सांगण्यासारखं नवीन काही नसलं तरी येऊन "अजून नवीन माहिती नाही, आठला परत येतो" एवढं सांगून जायचं. किती गेले, किती जखमी हे पोलिसांनी किंवा हॉस्पिटलने नक्की केल्याशिवाय तोंडातून काढायचं नाही, आणि ज्याच्या घरी कळवायचंय त्याच्या घरी माणूस आधी पोचला पाहिजे, कॅमेरा नंतर. याच्यावर मी कुठल्याही मालकाशी वाद घालायला तयार असतो.

हे सगळं मोठ्या कंपन्यांनाही जमत नाही लगेच, आणि याचं माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलंच आहे. ऑक्टोबर २००३, दिवाळी तोंडावर, म्हणजे मिठाईच्या बॉक्सऐवजी चॉकलेटचे बॉक्स द्यायची पद्धत नुकती रुळत होती तो काळ. मुंबईत कॅडबरी डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्याच्या तक्रारी राज्याच्या एफडीएकडे, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाकडे, गेल्या, तेव्हा आयुक्त होते उत्तम खोब्रागडे, एफडीएने पुण्याजवळच्या कारखान्यातून निघालेला साठा जप्त केला आणि चॅनेलवर ती अळीवाली व्हिज्युअल्स सुरू झाली. कंपनीने काय म्हणावं? की कारखान्यात बनताना अळी पडणं शक्यच नाही, दुकानदारांनी माल नीट साठवला नसणार. आता तांत्रिकदृष्ट्या हे अगदी खरंही असेल, पण एफडीएने लगेच विचारलं, साठवताना अळ्या शिरल्या म्हणता तर मग पॅकिंगचं काय? आणि त्याचं उत्तर त्या दिवशी कंपनीकडे नव्हतं.

मला यात खरी चूक दिसते ती वेगळीच. त्या एका वाक्याने कंपनीने बोट कुणाकडे दाखवलं, तर आपल्याच दुकानदाराकडे. म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे, जनरल स्टोअर्सवाल्याकडे, ज्याच्या काउंटरसमोर आई लहान पोराचा हात धरून उभी राहते आणि विचारते, "भाऊ, हे घेऊ का, काही होणार नाही ना?" त्या क्षणी कंपनीचा प्रवक्ता कोण होता? तोच. आणि त्याला तुम्ही टीव्हीवरून सांगितलं की चूक तुझी आहे. तो कशाला सांगेल की घ्या ताई, काही होत नाही? तो सरळ बरणी आत ठेवणार आणि दुसरं काहीतरी पुढे करणार.

ऐन सणाच्या दिवसांत, जेव्हा खप चढायचा, तेव्हा तो ३० टक्क्यांच्या आसपास खाली आला. मग कंपनीने जे केलं त्याचं मात्र मनापासून कौतुक आहे मला. जाहिराती काही आठवडे बंदच ठेवल्या. 'प्रोजेक्ट विश्वास' नावाने जवळपास १ लाख ९० हजार दुकानदारांपर्यंत माणसं पाठवली, माल कसा ठेवायचा, कुठे ठेवायचा, काय तपासायचं ते समजावलं. सुमारे १५ कोटी रुपये घालून नवीन मशिनरी आणली, आधी चॉकलेटवर नुसती दुमडलेली चांदी आणि वर कागद असायचा, त्याच्या जागी जानेवारी २००४ मध्ये उष्णतेने सील केलेला फॉइल आणि वरून बंद पाकीट आलं. पॅकिंगचा खर्च १० ते १५ टक्के वाढला तरी चॉकलेटची किंमत वाढवली नाही. आणि मग त्याच जानेवारीत अमिताभ बच्चन आले. लोकांना आज आठवतात ते अमिताभच, मॅनेजमेंटच्या वर्गातसुद्धा हे उदाहरण सांगताना तिथेच थांबतात, पण माझं ठाम मत आहे की आधी दुकानदार आणि पॅकिंग झालं नसतं तर अमिताभ काही करू शकले नसते. पाकीट हातात घेतल्यावर बदल दिसत होता, तो दुकानदार बोटाने दाखवू शकत होता, मग टीव्हीवर कुणी काही सांगितलं तर ते पटत होतं. तो क्रम महत्त्वाचा.

बारा वर्षांनी नेस्ले कंपनीच्या मॅगीचं झालं आणि या वेळी घराघरातली माणसं विसरली गेली. बाराबंकीच्या फूड इन्स्पेक्टरने २०१४ मध्ये घेतलेलं सॅम्पल, कोलकात्याच्या लॅबमध्ये शिसं १७.२ पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) निघालं, मर्यादा २.५, आणि ही बातमी मे २०१५ मध्ये देशभर पेटली. कंपनीचं म्हणणं, आमच्या तपासणीत सगळं मर्यादेत आहे, आणि ते सॅम्पल जुन्या बॅचचं होतं. सोशल मीडियावर लोक विचारत होते त्याला तेच ते छापील उत्तर परत परत. पुढे काय झालं ते माहीत असल्यामुळे आज आपण म्हणू शकतो की कंपनीकडे सांगण्यासारखं बरंच होतं. पण घरात प्रश्न काय होता? घरात पीपीएम कुणी विचारत नव्हतं. घरात प्रश्न होता, डब्यात पाकिटं आहेत, पोरगं मागतंय, देऊ का नको? आणि या प्रश्नाला कंपनीचा माणूस समोर येऊन साध्या भाषेत उत्तर देतोय असं कितीतरी दिवस दिसलंच नाही. एकेक राज्य बंदी घालत गेलं, ५ जून २०१५ ला कंपनीचे जागतिक प्रमुख पॉल बुल्के दिल्लीत पत्रकार परिषदेला बसले आणि म्हणाले की मॅगी सुरक्षित आहे, पण लोकांच्या मनात गोंधळ झालाय म्हणून आम्ही ती परत घेतोय. त्याच दिवशी एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, बंदीचा आदेश. म्हणजे ज्या दिवशी सगळ्यात मोठा माणूस बोलायला आला त्या दिवशी त्याचं बोलणं ऐकायला कुणाचे कानच मोकळे नव्हते. तेच पंधरा दिवस आधी कुणी मराठीत, हिंदीत, तमिळमध्ये बोललं असतं तर? बंदी टळली असती असं मी म्हणत नाही, पण घराघरातला प्रश्न एवढा अनुत्तरित राहिला नसता.

कोर्टात मात्र कंपनी जिंकली आणि तेही आपल्या मुंबई हायकोर्टात. १३ ऑगस्ट २०१५ ला न्यायमूर्ती कानडे आणि न्यायमूर्ती कुलाबावाला यांच्या खंडपीठाने बंदी रद्द केली, कंपनीला बाजू मांडायची नीट संधी दिली नाही आणि तपासणी केलेल्या लॅबची मान्यताच प्रश्नात आहे अशा मुद्द्यांवर, आणि तीन लॅबमधून पुन्हा तपासणी करायला सांगितली. त्यात शिसं मर्यादेत निघालं, ९ नोव्हेंबरला मॅगी परत दुकानात. तोपर्यंत हजारो टन माल जाळून टाकला होता आणि सुमारे ४५० कोटींचा फटका बसला होता. ऑगस्टमध्ये सुरेश नारायणन यांना भारतात प्रमुख म्हणून आणलं, ते पत्रकारांना भेटत राहिले, मुलाखती देत राहिले, कंपनीला एक चेहरा मिळाला. म्हणून कुणी मला म्हणालं की "आपण बरोबर आहोत, कोर्टात बघून घेऊ" तर मी मॅगी सांगतो. बरोबर असणं कोर्टात उपयोगी पडतं, पण कोर्ट ऑगस्टमध्ये बोललं आणि लोकांना उत्तर मे महिन्यात हवं होतं.

आता ही झाली मोठ्या कंपन्यांची कथा, त्यांच्याकडे एजन्सी असतात, पैसे असतात. मला जास्त लिहायचंय ते आपल्या तालुक्याच्या गावातल्या संस्थांबद्दल, कारण तिथे कुणीच काही शिकवत नाही आणि तिथेच माणसं जास्त पोळतात.

एका तालुक्याच्या गावात पतसंस्था आहे, नाव सांगत नाही. मंगळवारी रात्री व्हॉट्सॲपवर मेसेज फिरला की या संस्थेत घोटाळा झालाय, संचालक गायब आहेत, उद्याच ठेवी काढून घ्या, सगळ्या ग्रुपवर पाठवा. बुधवारी तिथला आठवडी बाजार, म्हणजे आजूबाजूच्या खेड्यांतली सगळी माणसं गावात. चेअरमन, ज्यांना सगळा तालुका अण्णा म्हणतो, ते रात्री अकराला फोनवर लालबुंद झालेले. सायबर सेलला तक्रार करतो, पेपरला खुलासा देतो, अब्रुनुकसानीचा दावा ठोकतो, आणि "अफवांवर विश्वास ठेवू नका" असा फ्लेक्स लावतो.

मी म्हटलं अण्णा, तक्रार जरूर करा, पण आधी लोकांच्या जागी बसून बघा. शेजारच्याच तालुक्यात एक पतसंस्था खरोखर बंद पडली होती. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये पीएमसी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त १००० रुपये काढता येत होते, त्या शाखांबाहेर रडणारी म्हातारी माणसं सगळ्यांनी टीव्हीवर बघितलीत. त्यानंतर फेब्रुवारी २०२० मध्ये बँकांतल्या ठेवींचं विमा संरक्षण १ लाखाचं ५ लाख झालं, पण ते बँकांना, पतसंस्थेच्या ठेवीला ते लागू नाही, आणि हे आता भाजीवालीलाही माहीत आहे. मग ती घाबरली तर ती मूर्ख नाही, ती शहाणी आहे. तिला "विश्वास ठेवू नका" असं सांगून काय उपयोग, तिला विश्वास कशावर ठेवायचा ते दाखवा.

रात्रीच कॅशियर आणि मॅनेजरला बसवून आकडे काढले. रोख किती, जिल्हा बँकेत किती, सकाळी पहिल्या तासात किती रोकड आणता येईल. हे आधी, शब्द नंतर. आणि सकाळी सातला मुख्य शाखेत सगळ्या पिग्मी एजंटना बोलावलं. अण्णांना ते पटत नव्हतं, म्हणाले संचालकांची मीटिंग घेऊ, एजंटना कशाला? पण बघा ना, गावात रोज दारोदार, दुकानोदुकानी कोण जातं? पिग्मी एजंट. मेसेज वाचल्यावर लोक कुणाला फोन लावणार? चेअरमनला नाही, मॅनेजरलाही नाही, रोज संध्याकाळी पन्नास-शंभर रुपये घेऊन मशिनमधून पावती काढून देणाऱ्या त्या माणसाला. तो जर म्हणाला की "मलाही काही माहीत नाही बुवा", तर खेळ तिथेच संपला.

सातला सगळे आले, चेहरे उतरलेले. अण्णांनी स्वतः आकडे वाचून दाखवले, ठेवी किती, कर्ज किती, थकबाकी किती, बाहेर गुंतवलेले किती. मागून एक तरुण एजंट उठला आणि म्हणाला, "अण्णा, माझ्या सासूबाईंची एफडी आहे आपल्यात, त्या सकाळपासून मागे लागल्यात. काढू का?" एकदम शांतता. अण्णा म्हणाले, "काढायची तर काढ. पहिली पावती तुझीच करू. पण आधी हा कागद बघ, आणि सासूबाईंना घेऊन ये, मी त्यांच्याशी बोलतो." आणि जिल्हा बँकेचं बॅलन्स स्टेटमेंट त्याच्या हातात दिलं, ते सगळ्यांच्या हातातून फिरलं. मला विचाराल तर त्या दिवशीची खरी पत्रकार परिषद ती होती.

दहाला शटर उघडलं तेव्हा रांग चौकापर्यंत. मांडववाल्याकडून सावलीला कापड आणि खुर्च्या आणल्या होत्या, पिण्याच्या पाण्याचे जार, टोकन, म्हाताऱ्या माणसांना आधी, एक जादा काउंटर. काउंटरवरच्या मुलींना एकच सूचना, "कशाला काढताय काकू?" असं विचारायचं नाही, ज्याला पैसे हवेत त्याला हसून द्यायचे, मुदतीआधी मोडल्यावर व्याज कमी मिळतं ते फक्त आधी सांगायचं. बाहेर काळा फळा, त्यावर खडूने रात्री काढलेले आकडे, खाली मॅनेजरची सही, आणि दर थोड्या वेळाने "आत्तापर्यंत परत केलेल्या ठेवी" ही ओळ बदलायची. फ्लेक्स छापला असता तर तो प्रचाराचा वाटला असता, फळ्यावरचा आकडा लोकांच्या डोळ्यासमोर खोडून नवा लिहिला जात होता.

मग आले पत्रकार. दोन लोकल पोर्टलवाले बूम (माइक) घेऊन, एक पेपरचा तालुका प्रतिनिधी. मॅनेजरची पहिली प्रतिक्रिया, "यांना आत घेऊ नका, हे यूट्यूबवाले कसले पत्रकार." हे मी फार ऐकतो आणि मला ते अजिबात आवडत नाही. तालुक्यात लोक बातमी आज त्यांच्याकडूनच बघतात, आणि आत घेतलं नाहीत तर ते रांगेतल्या सगळ्यात घाबरलेल्या माणसापुढे बूम धरणार, त्यात त्यांचा काय दोष? त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, फळ्याचं शूटिंग करू दिलं, फक्त कुणाच्या पासबुकवर किंवा पावतीवर कॅमेरा न्यायचा नाही एवढं सांगितलं आणि त्यांनी ते पाळलं. अण्णांनी बाईट दिला, छोटा, "ज्याला पैसे हवेत त्याला आज मिळतील, शेवटचा माणूस जाईपर्यंत काउंटर बंद होणार नाही." मग पेपरवाल्याने तो प्रश्न विचारला जो विचारायलाच हवा होता, संचालकांच्या नातेवाइकांना कर्ज दिलंय का? अण्णांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "एक आहे. तारण आहे, हप्ते चालू आहेत, कागद बघायचा तर मॅनेजरकडे बघा." दुसऱ्या दिवशी बातमीत ते आलं, तिसऱ्या परिच्छेदात, एका ओळीत. तेच नाही म्हणाले असते आणि चार दिवसांनी बाहेर आलं असतं तर पहिल्या पानावर आलं असतं आणि मग फळा, खुर्च्या, चहा काहीही उपयोगाचं ठरलं नसतं.

बऱ्याच लोकांनी त्या दिवशी पैसे काढले आणि त्यातले काही जण पुन्हा आलेच नाहीत, तेही ठीक आहे, त्यांचे पैसे आहेत. दुपारनंतर रांग ओसरली, दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं. पण एक स्पष्ट सांगतो, हे जमलं कारण पैसे खरोखर होते. पैसेच नसते तर हा फळा ही शुद्ध फसवणूक झाली असती, आणि असल्या कामाला मी हात लावत नाही. आतून पोकळ असलेल्या संस्थेला चांगलं बोलायला शिकवणं म्हणजे ठेवीदाराला अजून चार दिवस झोपवून ठेवणं, आणि त्या चार दिवसांत कुणाच्या तरी मुलीच्या लग्नाचे पैसे जातात.

वकिलांचं थोडं सांगायला हवं. संकट आलं की संस्थेचे वकील म्हणतात काहीच बोलू नका, प्रत्येक शब्द कोर्टात येईल. त्यांचं बरोबर आहे, त्यांचं काम ते आहे. पण दुःख व्यक्त करणं आणि चूक कबूल करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "आमच्या तीन सहकाऱ्यांचा जीव गेला, त्यांच्या घरच्यांसोबत आम्ही आहोत, चौकशीत सगळे कागद देऊ" या वाक्यात कुठलाही कबुलीजबाब नाही, आणि हे वाक्य माणसाने स्वतःच्या तोंडाने, कॅमेऱ्याकडे बघून, मराठीत म्हणायला हवं. मुंबईच्या एजन्सीने लिहिलेली इंग्रजी प्रेसनोट रात्री साडेआठला मेल केली तर जिल्हा आवृत्तीचं पान तोवर लागत आलेलं असतं, डेस्कवरचा नवखा उपसंपादक घाईत तिची चार वाक्यं करतो आणि तुमच्या म्हणण्यातलं माणूसपण तिथेच गळून पडतं. प्रेसनोट मराठीत, संध्याकाळी सहाच्या आत, एका पानावर, खाली खरोखर उचलला जाणारा मोबाइल नंबर.

आणि कृपा करून ती जाहिरातवाली खेळी करू नका. "त्या पेपरला आपण वर्षाला एवढ्या जाहिराती देतो, त्यांच्या जाहिरात विभागाला फोन लावा, बातमी थांबेल." कधीकधी थांबतेही. पण बातमीदाराला ते कळतं, तो ते विसरत नाही, आणि थांबलेली बातमी दुसऱ्या पेपरात दुप्पट होऊन येते. मी स्वतः बातमी अशी कापली गेलेली बघितलीय आणि त्या संस्थेबद्दल ऑफिसमध्ये पुढे कुणीही चांगल्या मनाने लिहिलं नाही.

सरकारी यंत्रणांनाही हे शिकायला मोठी किंमत मोजावी लागली. २६/११ ला ताज, ओबेरॉय, नरिमन हाउसच्या बाहेरून तीन दिवस लाइव्ह चाललं, कमांडो छतावर उतरताना सगळ्या जगाने बघितले आणि तिकडे पाकिस्तानात बसून फोनवर सूचना देणाऱ्यांनीही बघितले. २०१२ मध्ये कसाबच्या खटल्याच्या निकालात सुप्रीम कोर्टाने चॅनेल्सना त्यावरून फार कडक शब्दांत सुनावलं. २०१५ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत बदल झाला, अतिरेकीविरोधी कारवाई चालू असताना लाइव्ह दाखवायचं नाही, नेमलेला अधिकारी ठरावीक वेळाने माहिती देईल तेवढंच. मला त्यातला दुसरा अर्धा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, नेमलेला अधिकारी आणि ठरावीक वेळ. नुसतं "दाखवू नका" सांगून चालत नाही, दाखवू नका म्हणायचं तर त्याच्या बदल्यात खात्रीची माहिती द्यायची जबाबदारी येते. तुमच्या कॉलेजात, हॉस्पिटलात, साखर कारखान्यात असा नेमलेला माणूस कोण आहे? आणि तो रजेवर असेल तर? हे आज ठरवता येतं, त्याला काही खर्च नाही.

आणि लोक ज्याला सगळ्यात जास्त विसरतात ते म्हणजे नंतरचं. आग विझली, रांग संपली, कॅमेरे गेले की सगळे हुश्श करतात आणि पुन्हा तो विषय नको म्हणतात. १९८२ मध्ये शिकागोत टायलेनॉलच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड घातलं, सात माणसं गेली, जॉन्सन अँड जॉन्सनने तीन कोटींच्या वर बाटल्या परत मागवल्या हे सगळे सांगतात, पण काही आठवड्यांतच छेडछाड केली तर दिसेल असं सीलबंद पॅकिंग घेऊन ते पुन्हा लोकांसमोर आले ते कमी जण सांगतात. काय बदललं हे सांगायला स्वतःहून परत जायचं असतं. चौकशीचा अहवाल आला, आलेल्या सूचना अमलात आणल्या, नवीन फायर लाइन टाकली, तर त्याच बातमीदारांना बोलावून दाखवा, बातमी छोटी येईल, आली तरी पुष्कळ.

अण्णांच्या संस्थेने तो फळा काढला नाही. आता दर महिन्याच्या एक तारखेला त्यावर ठेवी, कर्ज, थकबाकी आणि बाहेरची गुंतवणूक लिहितात. मध्ये एका महिन्यात पाऊस नसल्याने शेतकऱ्यांचे हप्ते अडकले, थकबाकी वाढली, तेव्हा दोन संचालक म्हणाले या महिन्यात नको लिहायला, लोक परत घाबरतील. मीटिंगमध्ये चांगलाच वाद झाला. अण्णांनी आकडा लिहायला लावला, आणि त्याच्या आदल्या दिवशी पिग्मी एजंटना बोलावून तो का वाढलाय ते समजावून सांगितलं.